कॅन्ससच्या कोठारातले उखळ

प्रा. काशीकर यांचा लेख मी दोनदा वाचला. पुण्याच्या ज्या मासिकात तो छापून आला, त्याचे संपादक माझे परिचित आहेत. ‘तुमचीच कीर्ती आहे, वाचावी,’ अशी चिठ्ठी जोडून त्यांनी मला अंक पाठवला. लेखानुसार आम्ही दोघे अमेरिकेत कॅन्सस राज्यात गेलो, तेथे मी ज्वारीची भाकरी थापून गोऱ्या शास्त्रज्ञांना खाऊ घातली, एका आफ्रिकी विदुषीच्या वाणातील गुण पहिल्या घासाला ओळखला, आणि वडीलकीच्या नात्याने तिच्या पाठीशी उभा राहिलो. यातील कॅन्सस राज्य तेवढे खरे आहे.

पहिल्या घासाला वाण ओळखता येतो असे म्हणणारा माणूस एकतर कवी असतो किंवा अर्थशास्त्रज्ञ. काशीकर अर्थशास्त्रज्ञ आहेत. मी मात्र सारी नोकरी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानांत आणि तेथील एका कोरडवाहू संशोधन केंद्रात ज्वारीचे वाण निवडण्यात घालवली आहे, आणि निवृत्त झालो तरी माझी स्मरणशक्ती निवृत्त झालेली नाही. म्हणून जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, येथे लिहून ठेवतो.

जर्सी सिटी

पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत दुष्काळ पडून गेला होता. उपाशी मुलांची चित्रे आपल्याकडेही वर्तमानपत्रांतून आली होती. सहाराच्या दक्षिण काठाने साहेल नावाचा जो कोरडा पट्टा पसरला आहे, तेथे ज्वारीच्या कोणत्या नव्या वाणांची चाचणी घ्यावी, हे ठरविण्यासाठी कॅन्ससमधील एका विद्यापीठाने देशोदेशीचे दहा-बारा लोक बोलावले होते. त्यात ज्वारीसाठी मी आणि धान्याच्या बाजारपेठेसाठी काशीकर.

मी घरून एक लोखंडी तवा नेला होता. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि हे काय आहे, असे विचारले. काशीकरांनी लिहिले आहे की तवा जप्त झाला आणि मी हुज्जत घालून सोडवून आणला. तसे काही झाले नाही. मी म्हणालो, “यावर माझे जेवण तयार होते.” तो म्हणाला, “माझ्या आजीकडेही असाच होता,” आणि तवा परत पिशवीत ठेवला. हुज्जत घालण्याची माझी तयारी होती, परंतु प्रसंग आला नाही.

जर्सी सिटीत माझा भाचा श्रीकांत राहतो. तो इंजिनिअर, त्याची पत्नी वैशाली मूळची नागपूरची. दोन दिवस त्यांच्याकडे विश्रांती घेतली. त्यांची आठ वर्षांची मुलगी माझा तवा घेऊन सगळ्या घरभर हिंडली आणि “आजोबा, इट्स सो हेवी!” एवढेच दर पाच मिनिटांनी सांगत राहिली. मी मराठीत विचारी, ती इंग्रजीत उत्तर देई. दोघांचेही काही अडले नाही.

“मामा, इथे सगळं मिळतं हो,” वैशाली म्हणाली. “नॉनस्टिक पॅन घेऊन दिलं असतं. एवढं वजन कशाला कॅरी केलंत?”

“नॉनस्टिकवर भाकरी भाजली तर तिला भाकरी म्हणायचे की आणखी काही?”

“आम्ही तर यार पोळीसुद्धा फ्रोजन आणतो,” श्रीकांत म्हणाला, आणि मग माझा चेहरा पाहून, “म्हणजे कधीतरी,” अशी दुरुस्ती केली.

काशीकर जवळच एका परिचितांकडे उतरले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही विमानाने कॅन्ससला निघालो.

कॅन्सस: गुरांचे धान्य

कॅन्सस सपाट आहे, असे सर्वजण सांगतात. मंगळवेढ्याच्या माणसाला सपाटपणाचे कौतुक नाही. मला आश्चर्य वाटले ते ज्वारीचे. सप्टेंबर महिना होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर पोहोचेल तेथपर्यंत, कमरेएवढी बुटकी ज्वारी तांबूस रंगावर आली होती. सगळी ताटे एका उंचीची, जणू कोणी वरून ओळंबा लावून छाटली आहेत. आमच्याकडे ज्वारी माणसाला गिळून टाकते. रानात शिरलेला गडी फक्त हाकेने सापडतो. येथे बुटकी ठेवतात, कारण कापणी यंत्राने करायची असते आणि कडब्याची कोणाला गरज नसते.

आम्हाला न्यायला डॉ. व्हीलर स्वतः आले होते. बैठकीचे अध्यक्ष तेच. लांब हातांचा, हळू बोलणारा, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. वाटेत त्यांनी त्यांच्या चुलतभावाच्या, अर्लच्या, शेतावर गाडी थांबवली.

“तुमच्याकडे हे माणसे खातात?” अर्लने मला विचारले. प्रश्नात कुचेष्टा नव्हती, हे मी आवर्जून नमूद करतो. काशीकरांना ती दिसली.

“दोन वेळा,” मी म्हणालो. “आणि तुमच्याकडे?”

“गाई. दिवसभर.”

तो हसला, मीही हसलो. नंतर त्याने विहीर दाखविली. विहीर म्हणजे जमिनीत उतरविलेली नळी आणि तिच्यावर बसविलेले इंजिन. वडिलांच्या वेळी पाणी किती वर होते आणि आता किती खाली गेले, हे त्याने हाताने दाखविले आणि हात खाली नेता नेता तो वाकला. एवढ्या मोठ्या यंत्रांच्या देशातही माणूस पाण्याची खोली हातानेच दाखवतो. त्याने काही शेते एक वर्षाआड पडीक ठेवायला सुरुवात केली होती, मागच्या पिकाची धसकटे तशीच उभी ठेवून, म्हणजे बर्फ आणि पाऊस अडून जमिनीत मुरेल. मी त्याला आमच्या बांधबंदिस्तीविषयी सांगितले. त्याने बांधाची उंची विचारली, उतार विचारला. विद्यापीठात नंतर पाच दिवसांत मला इतके नेमके प्रश्न कोणी विचारले नाहीत.

बैठक

बैठकीत आमच्यापुढे छापील तक्ता ठेवण्यात आला. वाणांना क्रमांक दिलेले, पुढे उत्पन्नाचे आकडे, आणि त्यावरून लावलेली क्रमवारी. वरचे वाण साहेलमध्ये पाठवायचे, खालचे गाळायचे. काम अर्ध्या दिवसात संपले असते.

मी उठून म्हणालो, “हे धान्य माणसांनी खायचे आहे. ते शिजवून कोणी पाहिले आहे काय?”

कोणीही पाहिले नव्हते. प्रथिनांचे पृथक्करण झाले होते.

“आकडे चावता येत नाहीत,” मी म्हणालो.

काशीकर माझ्या कानाशी कुजबुजले, “थोरातसाहेब, आपण पाहुणे आहोत.”

“पाहुण्यालाच जेवणाविषयी बोलण्याचा अधिकार असतो,” मी मोठ्याने म्हणालो. डॉ. व्हीलर यांनी काशीकरांकडून अर्थ विचारून घेतला आणि बुधवारचा संपूर्ण दिवस माझ्या स्वाधीन केला. तुम्हीच शिजवा, तुम्हीच शेरे लिहा, ते टंकलिखित होऊन कामकाजात जातील. शिजवून पाहण्याची कल्पना माझी होती. तिचे श्रेय मी कोणालाही देणार नाही. आणि पुढे त्या कल्पनेचा मी जो दुरुपयोग केला, त्याचे श्रेयही दुसऱ्याला देणार नाही.

त्याच दुपारी प्रयोगक्षेत्रावर मी आमिनाताबाईंना प्रथम भेटलो. पस्तिशीच्या, उंच, डोक्याला पिवळे फडके बांधलेल्या. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या. शिष्यवृत्तीवर येऊन चार वर्षे त्या येथे काम करीत होत्या आणि एकोणीस क्रमांकाचा वाण त्यांचा होता: आपल्या आईच्या गावच्या ज्वारीशी संकर करून काढलेला. तक्त्यात तो बराच खाली होता. त्यांची शिष्यवृत्ती वर्षअखेर संपत होती. वाण यादीत आला तर त्यांच्याबरोबर बियाणे मायदेशी जाणार होते आणि गावांत चाचणी होणार होती. नाही आला तर ते येथल्या शीतपेटीत राहणार, आणि त्या तेथल्या कचेरीत बसून इतरांचे वाण पेरून घेणार.

मी एकोणीस क्रमांकाचे कणीस हातात घेतले. आमच्या मालदांडी ज्वारीचे कणीस कसे घट्ट, मुठीत भरणारे असते. हे मोकळे, लोंबते.

“हा तर झाडू आहे,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही चवळी खाणारे आहात,” त्या तत्काळ म्हणाल्या.

काशीकरांनी लिहिले आहे की आमिनाताबाईंनी माझा अपमान केला व मी तो उदार मनाने गिळला. गिळला वगैरे नाही. मी चांगलाच तापलो. तेव्हा त्यांनी हसत समजावले की त्यांच्या देशात काही आडनावांत थट्टेचे नाते असते. अशा दोन घराण्यांतील माणसे भेटली की एकमेकांना ‘चवळी खाणारा’ म्हणून चिडवायचे, आणि चिडायचे नाही. जो इतक्या उद्धटपणे झाडू म्हणतो तो आपल्या थट्टेच्या नात्यातीलच असणार, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आपल्याकडे व्याही-विहिणींची, मेहुण्यांची थट्टा चालते, तसेच हे. फरक इतकाच की ते नाते लग्न लावल्याशिवाय मिळते.

“कणीस मोकळे का आहे, ते विचारा ना, पापा,” त्या म्हणाल्या. वडीलधाऱ्याला त्या पापा म्हणत.

“का आहे?”

“आमच्याकडे शेवटचा पाऊस धान्य भरल्यावर येतो. घट्ट कणसात पाणी राहते, बुरशी धरते. हे एका उन्हात वाळते. तुमच्यासारख्यांनी पूर्वी एकदा आम्हाला घट्ट कणीस पाठवले होते. आईने ते कोंबड्यांना घातले.”

“कोंबड्यांनी खाल्ले?”

“कोंबड्या सभ्य असतात.”

बुधवार: भाकरी

विद्यापीठात गृहविज्ञानाचे एक स्वयंपाकघर होते. विस्तव नाही, विजेच्या वेटोळ्या. पीठ प्रयोगशाळेच्या गिरणीतून दळून आले होते, ते गरम आणि नको इतके बारीक. तरीही मी पाणी उकळले, पीठ मळले, परात नसल्याने मोठ्या ट्रेमध्ये थापले. आमच्या केंद्रात हे काम कामावरच्या बाया करीत व मी गुण देत असे. तरी एकट्याने राहण्याची पुष्कळ वर्षे गेली असल्यामुळे माझा हात बसलेला आहे.

भाकरी तव्यावर एका बाजूने भाजल्यावर फुगवायची म्हणून मी ती थेट लाल वेटोळीवर टाकली. छताला लावलेली धुराची घंटा वाजू लागली. काशीकरांच्या लेखात अग्निशामक दलाचा बंब आला आहे. बंब आला नाही. एक पहारेकरी आला, खिडकी उघडून उभा राहिला आणि तीन भाकऱ्या खाऊन गेला.

मी प्रत्येक वाणाला पाच गोष्टींवर गुण दिले: पिठाची विरी, म्हणजे थापताना ते किती धरून राहते, काठाच्या चिरा, पापुद्रा, चव, आणि सायंकाळपर्यंतचा मऊपणा. चार क्रमांक पहिला आला. तो आमच्याच केंद्रातून आलेल्या बियाण्यापासून काढला होता. मी पक्षपात केला नाही. करावा लागला नाही. त्याची भाकरी फुगली ती पाहून डॉ. व्हीलर यांनी टाळी वाजवली.

एकोणीस क्रमांकाचे पीठ रवाळ निघाले. विरी अशी नाहीच. थापायला गेलो की काठ फाटत आणि तव्यावर टाकताना मधून तुकडा पडे. तीनदा प्रयत्न केला. मग मी शेरा लिहिला: ‘मानवी आहारास अयोग्य.’ हे शब्द माझे आहेत. सायंकाळी ते टंकलिखित होऊन सर्वांना वाटले गेले.

आमिनाताबाई कागद घेऊन माझ्यासमोर आल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

“पापा, तुम्ही काय शिजवले?”

“भाकरी.”

“माझ्या देशात ती कोण खातो?”

“चांगले धान्य सगळीकडे चांगलेच असते,” मी म्हणालो.

“मानवी, असे लिहिले आहे तुम्ही. आम्ही कोण मग?”

मी आवाज चढवला. मी किती वर्षे हे काम करतो, ते त्यांना सांगितले. त्या शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, “उद्या सकाळी अर्लच्या शेतावर या. मी शिजवते. तुम्ही माझ्याप्रमाणेच गप्प बसून पाहा.”

कोठार

दुसऱ्या दिवशी अर्लच्या कोठारात आम्ही सर्वजण जमलो. मधोमध एक लाकडी उखळ ठेवले होते, गुडघ्याच्या वर येईल एवढे, एका खोडातून कोरलेले. शेजारी पुरुषभर उंचीचे मुसळ. हे आमिनाताबाईंनी मायदेशाहून आणले होते. राहत्या इमारतीत ते वापरले तर खालचे बिऱ्हाडकरू छतावर झाडूचा दांडा आपटीत, म्हणून अर्लने कोठारात जागा दिली होती. मी तवा आणला, त्यांनी उखळ. हट्टाच्या बाबतीत त्यांचा हट्ट वजनदार, हे मला मान्य करावे लागले.

त्यांच्याकडे ज्वारी दळण्यापूर्वी कांडतात. दाण्यावर थोडे पाणी शिंपडायचे, उखळात मुसळाने सडायचे, कोंडा सुटला की पाखडून टाकायचा आणि उरलेल्या पांढऱ्या दाण्याचे पीठ करायचे. आपण भाकरीसाठी दाणा सालीसकट दळतो. हा फरक मला पुस्तकातून ठाऊक होता. पुस्तकातून ठाऊक असणे आणि बुधवारी आठवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यांनी प्रथम एकोणीस क्रमांक सडला. दाणे टणक, कोंडा निघाला, दाणा साबूत राहिला. मग आमचा चार क्रमांक. थोड्याच घावांत दाणे फुटून चुरा झाला, आणि पाखडल्यावर कोंड्याबरोबर निम्मेअधिक पीठ उडून कोठाराच्या जमिनीवर पडले. अर्लची मांजर ते हुंगून दूर गेली.

“पाणी जास्त शिंपडले,” मी म्हणालो.

“मग तुम्ही शिंपडा.”

मी शिंपडले, आणि मुसळही घेतले. माझ्या वयात ते शहाणपणाचे नव्हते. काशीकर ओरडले, “थोरातसाहेब, पाठ!” मी त्यांना बाजार सांभाळायला सांगितले. चुराच झाला.

मी सहजासहजी पटणारा माणूस नाही. मी आमिनाताबाईंना कोठाराबाहेर, पाठ करून उभे केले. आत चार वेगवेगळ्या वाणांचे दाणे चार वाडग्यांत घेतले, क्रम फक्त माझ्या मनात ठेवला, आणि मुसळ अर्लच्या हातात दिले. त्याने आयुष्यात प्रथमच उखळात धान्य सडले असावे. प्रत्येक घावाला तो स्वतःशी काही पुटपुटत होता.

पहिल्या वाडग्यातले दाणे उखळात पडले, अर्लने घाव घातले. बाहेरून आवाज आला: “मऊ. चिखल होणार. हा पापांचा.”

तो चारच होता.

“दुसरा बरा. पण आई घेणार नाही.”

“तिसरा... थांबा, पुन्हा मारा. हा बाहेरून टणक, आत पोकळ. त्याला कीड लागली आहे.”

मी दाणा दातांत फोडला. आत भुंग्याची अळी होती.

चौथ्या वाडग्यात एकोणीस होता. अर्लने पहिला घाव घातला मात्र, बाहेर हसणे ऐकू आले. “हा काय विचारायचा? हा माझा.”

मी क्रम बदलून आणखी दोनदा परीक्षा घेतली. त्या एकदाही चुकल्या नाहीत. नंतर त्यांनी सांगितले की त्यांच्या गावी सकाळी घरोघरच्या मुसळांच्या आवाजावरून कोणाच्या कोठीत या वर्षी कोणती ज्वारी आहे, हे बायकांना अंथरुणातच कळते. मी इतकी वर्षे कणीस डोळ्यांनी, दाणा दातांनी आणि पीठ बोटांनी पाहत आलो. कानाने वाण निवडता येतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला हाकलून दिले असते.

शुक्रवार: ‘तो’

उखळात सडलेल्या दाण्याच्या पिठाचा त्यांनी त्याच सायंकाळी ‘तो’ नावाचा पदार्थ केला. राखेचे निवळलेले पाणी घालून, जोराने घोटून केलेला घट्ट उकडीसारखा गोळा. एकोणीसचा एक आणि चारचा एक, असे दोन गोळे झाकून ठेवले. त्यांच्याकडे रात्रीचा उरलेला ‘तो’ सकाळी खाऊन माणसे रानात जातात. सकाळी जो टिकत नाही, तो वाण घरात टिकत नाही.

शुक्रवारी सकाळी झाकणे काढली. एकोणीसचा गोळा वडीसारखा उभा होता. सुरी लावली तर कडा धरून कापला गेला. आमच्या चारच्या गोळ्याला पाणी सुटून त्याची खळ झाली होती.

सोबत सुकी मासळी आणि भेंडी घालून केलेले कालवण होते. आपल्याकडे भेंडी बुळबुळीत होऊ नये म्हणून सुना शिव्या खातात. त्यांच्याकडे ती हवी तितकी बुळबुळीत झाली नाही तर. अमेरिकन मंडळी काटे शोधू लागली. मी आणि आमिनाताबाईंनी हात धुऊन उजव्या हाताने खायला सुरुवात केली. काशीकरांनी कॉर्नफ्लेक्स खाल्ले. लेखात ‘आम्ही त्या अन्नाचा आस्वाद घेतला’ असे आहे.

“कसा आहे?” आमिनाताबाईंनी विचारले.

“मला आवडला नाही,” मी म्हणालो.

“उत्तम. तुमच्यासाठी केला नव्हता.”

“पण धान्य चांगले आहे. मी चुकलो.”

एवढे बोलायला मला सबंध गुरुवार लागला होता.

कामकाज

दुपारी समारोपाची बैठक होती. मी उभा राहून म्हणालो की एकोणीस क्रमांकाविषयीचा माझा शेरा रद्द करावा आणि तो वाण यादीत घ्यावा. काशीकरांच्या लेखात येथे मी आमचा चार क्रमांक ‘त्यागपूर्वक मागे घेतला’ आहे. मी तो मुळीच मागे घेतला नाही. सुदानमध्ये ज्वारीची पातळ पोळी खातात, तेथे तो चालेल असे मला वाटले, आणि मी भांडून तो सुदानच्या यादीत ठेवला. त्याग हा बियाण्याच्या कामात दुर्गुण आहे.

डॉ. व्हीलर समजूतदार होते. ते म्हणाले, “शेरा वाटला गेला आहे. आपण खाली असे लिहू: अधिक माहितीच्या आधारे डॉ. थोरात यांनी आपल्या मतात सुधारणा केली.”

काशीकर म्हणाले, “उत्तम. सन्मान राहतो.”

मलाही ते वाक्य बरे वाटले. सांगायला संकोच वाटतो, पण वाटले. सही करायला मी पेन काढले तेव्हा आमिनाताबाई म्हणाल्या, “पापा, यावर सही करू नका.”

“का? तुमचा वाण यादीत आला ना?”

“यादीत आला. पण हा कागद माझ्याआधी आमच्या कचेरीत पोहोचेल. साहेब वाचतील, एका म्हाताऱ्या परदेशी माणसाला बाईची दया आली आणि त्याने मत बदलले. मग ते माझे बियाणे कचेरीच्या मागे दोन ओळींत पेरतील आणि विसरून जातील. गावांना देणार नाहीत.”

“आणि काय लिहिले तर देतील?”

माझ्यापेक्षा लहान माणसाने, सर्वांदेखत, ते सांगायचे नसते, हा संस्कार त्यांच्याकडेही आहे. पण मला कळले.

मी डॉ. व्हीलर यांना म्हणालो, “माझे वाक्य मी सांगतो.”

“थोरातसाहेब,” काशीकर मराठीत म्हणाले, “हे छापले जाईल. तुमच्या केंद्रात जाईल. चाळीस वर्षांचे नाव आहे.”

“नाव माझे आहे. तुम्ही कशाला सांभाळता?”

टंकलेखक बाईंनी यंत्रात नवा कागद घातला. मी सावकाश सांगितले: ‘एकोणीस क्रमांकाविषयीचा माझा शेरा चूक होता. जो पदार्थ त्या प्रदेशात कोणी खात नाही, तो शिजवून मी निर्णय दिला. आमिनाताबाईंनी उखळात सडून आणि शिजवून दाखविल्याप्रमाणे, हा वाण त्या प्रदेशाच्या आहारास तपासलेल्या सर्व वाणांत अधिक योग्य आहे. ही परीक्षा मी स्वतः तीनदा घेतली.’

बाईंनी विचारले, “चूक हाच शब्द ठेवू?”

“तोच.”

त्यांनी सगळे वाचून दाखविले. मी सही केली. काशीकर तेव्हा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या लेखात या वाक्याच्या जागी माझ्या उदारतेवर एक परिच्छेद आहे. तो परिच्छेद आमिनाताबाईंच्या साहेबांनी वाचला तर त्यांना हवे ते निमित्त मिळेल. मराठी ते वाचणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हे लिहिले.

डॉ. व्हीलर यांनी माली देशाचा नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिल उचलली आणि आमिनाताबाईंना विचारले, “कोणकोणत्या गावांत पेरायचे?”

त्या सांगू लागल्या. एक, दोन, तीन. त्यांची नावे मला उच्चारता येणार नाहीत. चौथ्यापाशी त्या थांबल्या.

“तिथे नको बहुतेक. तिथे पाऊस सगळ्यांत कमी. पहिल्याच वर्षी पीक गेले तर लोक म्हणतील, वाण वाईट.”

“ते कोणाचे गाव?” मी विचारले.

“आईचे.”

“मग ते वरती लिहा. ज्वारी तिथलीच आहे,” मी डॉ. व्हीलर यांना म्हणालो. आमिनाताबाईंनी माझ्याकडे पाहिले, पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली आणि त्या गावाभोवती स्वतः गोल काढला.